रविवारी न गेलेला फॅक्स

माया बनसोडे कडेगावची. बारावीनंतर ती सांगलीत गणपती पेठेतल्या अनीश शहांच्या टेलिफोन-फॅक्सच्या दुकानात लागली. हळदीचे व्यापारी भाव पाठवायला तिच्याकडेच यायचे. तिचे हात चलाख होते आणि फोनवर ती कुणालाच घाबरत नसे.

शहाण्णव साली अनीशशेठनी जुनं फॅक्स मशीन बदल्यात देऊन संगणक, स्कॅनर आणि फॅक्स मोडेम आणला. आता कागद झटक्यात जाणार, असं ते सगळ्यांना सांगत होते. तसे जातही होते.

त्याच पावसाळ्यात मायाचे वडील धोंडिराम यांना सांगलीच्या दवाखान्यात ठेवलं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. थोरला भाऊ राजरत्न फौजेत, जम्मूकडे होता. मायानं पलटणीत फोन लावला. तिकडचा कारकून म्हणाला, डॉक्टरांच्या सहीचा कागद फॅक्स करा, लगेच रजा देतो.

तो रविवार होता. बाजार बंद. शेठनी तिच्यासाठी दुकान उघडलं. तिनं कागद स्कॅन करून नंबर लावला. मोडेम किंचाळला, पलीकडून शिट्टी आली, थोडी खरखर झाली आणि लाइन तुटली. तिनं पुन्हा लावला. पुन्हा तेच. कारकुनानं फोनवर सांगितलं, "मशीन चालू है, बहनजी. पुराना है, पर चालू है."

दुपार तशीच गेली. दवाखान्यात परतली तेव्हा वडिलांनी विचारलं, "राजू कवा येतोय गं?"

"निघालाय, आबा," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी मेकॅनिक आला. नवा मोडेम फार भरभर बोलतोय, पलीकडच्या जुन्या मशीनला ते झेपत नाही, त्यात लाइन खराब, असं तो म्हणाला. त्यानं संगणकात वेग उतरवला. कागद पहिल्याच फटक्यात गेला. माया खुर्चीवर बसून रडली.

राजरत्न त्याच संध्याकाळी निघाला. बुधवारी दुपारी धोंडिराम गेले. तो गुरुवारी कडेगावात पोचला तेव्हा चिता थंड झाली होती. खांद्यावरची ट्रंक खाली न ठेवताच त्यानं विचारलं, "माया, तू रोज हेच काम करतीस न्हवं?"

"व्हय."

"मग?"

तिनं वेग, जुनं मशीन, लाइन असं काहीबाही सांगायला सुरुवात केली. आई, आक्काताई, मध्येच म्हणाली, "राहू दे रं, तिचा काय दोष त्यात?" तो ट्रंक घेऊन आत गेला. वडिलांच्या पुण्यानुमोदनाला, दिवसकार्याची बुद्धवंदना चालू असतानाही त्यानं मायाकडे पाहिलं नाही.

मायानं दिवाळीआधी दुकान सोडलं. पुढं पलूसच्या महेंद्रशी तिचं लग्न ठरलं. राजरत्न रजा काढून आला, मांडवात उभा राहिला, पाहुण्यांना पाणी दिलं. बहिणीला आहेराची साडी त्यानं आईच्या हातून दिली आणि जेवण न करताच कराडची एसटी धरली.