मोडीच्या गटातले दोघे

शाईचा वास आला की मला नगरच्या आमच्या ज्येष्ठांच्या अभ्यास मंडळातला मोडी लिपीचा गट आठवतो. दोघांपेक्षा कमी माणसं उरली की गट बंद, असा मंडळाचा नियम. आमच्यात मी आणि राहुरीहून एसटीनं येणारे, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, एवढेच उरलो होतो. एका बुधवारी मी त्यांना जुनं खरेदीखत वाचायला दिलं. त्यांनी ते उलटं धरलं आणि म्हणाले, "अक्षर लई देखनं हाय." मी चिडलोच. "दिसत नाही, तर एवढ्या लांबून येता कशाला?" कागदाची घडी घालत ते म्हणाले, "मी न्हाई आलो तर तुमी कुनासंगं बसनार?" पुढे ते वारले आणि गट बंद झाला. हल्ली मी संगीताच्या गटात जातो. तिथंही दोघंच आहोत, आणि मला ऐकू येत नाही हे मी अजून सांगितलेलं नाही.