दोन काठांची एक चावडी

माझ्या सासर-माहेरात एक नदी काय ती आडवी होती. दोन्हीकडं पाटीलकी. माहेरी माझे आबा पाटील, सासरी मामंजी. निजामाचं राज्य होतं. एका साली तहसिलीतून हुकूम आला: दोन्ही गावं एकत्र करायची, चावडी एक, पाटील एक. आबांचं गाव मोठं, म्हणून चावडी तिकडंच जाणार अशी हवा होती. तहसीलदार साहेब स्वतः येऊन ठरवणार होते.

तेव्हापासून घरातलं बोलणंच बदललं. उमापूरच्या बाजारात दोन्ही गावांची माणसं भिडली, माझ्या दिराचं डोकं फुटलं. मामंजी मला ऐकू जाईल असं म्हणाले, "चावडी तिकडं गेली तर पाटलाची लेक बी तिकडंच जाईल. ठेवून घ्या म्हणावं."

मालक मान खाली घालून जेवत राहिले. मला चौथा महिना होता.

चैत्रात साहेब गेवराईहून घोड्यावर आले. आमच्याच चावडीपुढं सतरंजी अंथरली. एका अंगाला आमचं गाव, दुसऱ्या अंगाला आबा आणि त्यांची माणसं. काठ्या दोन्हीकडं. आम्ही बायका भिंतीआड. साहेब उर्दूत विचारत, पटवारी मराठीत सांगे.

"चावडी नदीपार नेली, तर पावसाळ्यात इकडच्यांनी यायचं कसं?"

आबा म्हणाले, "हुजूर, नदी कसली, वढा हाय. बारा महिने पायी उतरता येतं."

पात्रात तेव्हा नुसती वाळू होती. कुणालाही पटलं असतं. पण तीन वर्षांमागं श्रावणात आई गेली, तेव्हा पट्टीच्या पोहणाऱ्यानंही पाण्यात पाय घातला नव्हता. तिच्या चितेचा धूर मी या काठावरून पाहिला होता.

तोंडून निघून गेलं, "आबा, मग आई गेली तवा मला का न्हाई येता आलं?"

सासूबाईंनी माझा दंड आवळला.

साहेबांनी विचारलं, "कोण बोललं?"

"माझी लेक हाय, हुजूर." आबा म्हणाले. "ती म्हणती ते खरं हाय. पूर आला की चार-चार दिवस वाट न्हाई."

"पाटलाच्या लेकीनंच घात केला!" त्यांच्या मागून कुणी ओरडलं आणि काठ्या वर झाल्या. आबा वळून आपल्याच माणसांपुढं उभे राहिले. "आदी मला हाणा," म्हणाले. काठ्या हळूहळू खाली आल्या.

पुढं पहिला हुकूम रद्द झाला, गावं वेगळीच राहिली. मामंजींनी मला इरकली लुगडं आणलं. ते मी कधी नेसले नाही. आईसाठी बोलले की घराबाहेर काढतील या भीतीनं, हे माझं मलाच कळत नव्हतं.

पंचमीला न्यायला कुणी आलं नाही. पहिलं बाळंतपणही सासरीच झालं. लेक सव्वा महिन्याची झाल्यावर आबा एकटेच आले. नातीला मांडीवर घेऊन बसले. निघताना म्हणाले, "खोटं मी बोललो, बाई. पण चारचौघांत बोलायच्या आदी घरी येऊन मला सांगितलं असतंस, तर..."

तेव्हा सासरचं कोण मला नदी ओलांडू देत होतं, हे मी बोलले नाही.