सोवळ्याची विहीर

दिराच्या हातातला तांब्या मी ढकलून दिला आणि धाकटीच्या तोंडाला आमच्या विहिरीचंच पाणी लावलं. ती चार वर्षांची होती. पहाटेपासून तिला उलट्या आणि जुलाब होत होते. किती वेळा, ते मोजायचं मी दुपारी सोडून दिलं. डोळे खोल गेले होते. बोटांची कातडी दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतली होती. ती रडत होती आणि डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. शेजारच्या चटईवर सात वर्षांची थोरली तशीच पडली होती. पटकी होती ती.

"वहिनी, ते पाणी देऊ नका," दीर म्हणाला. "मी उकळून आणलंय."

"कुणी उकळलं? कुठल्या भांड्यात?" सासूबाई दारातून ओरडल्या.

"माझ्या खोलीवर. माझ्या भांड्यात."

"म्हणजे हॉटेलवाल्याच्या चुलीवर! पोरी जायच्या वेळेला त्यांना बाटवायला आलास?"

"आई, जाऊ नयेत म्हणून आलोय."

मी म्हटलं, "भावजी, घर हवंय ना तुम्हाला? घ्या. माझ्या पोरींना हात लावू नका."

तो पुढे आला. वाकला, थोरलीला चटईसकट गुंडाळलं आणि उचललं. "तिलाही द्या. बाहेर घोड्याचा जटका उभा आहे. सरकारी दवाखान्यात शिरेतून मिठाचं पाणी चढवतात." मी धाकटीला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. ती मांडीवर होती म्हणून मला उठता आलं नाही, नाहीतर थोरलीलाही मी नेऊ दिलं नसतं. "पोरगी घेऊन चालला! धरा त्याला!" असं मी इतक्या मोठ्याने ओरडले की सगळी गल्ली आपापल्या दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर येऊन उभी राहिली. धरलं कुणी नाही. जटका गेला. आमचे हे कामाला आडुतुरैला होते, संध्याकाळच्या गाडीने यायचे होते.

मी असं का केलं ते सांगते. माझा त्याच्यावर संशय होता, आणि तो वर्षभर साठलेला होता.

तो माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. तोंडावर मी त्याला तुम्ही म्हणायची, मनात तो. मद्रासेला राहून इमारती आखायचं शिकला आणि स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हा कुंभकोणमला परत आला. मद्रासेत बंगले आखले असते तर नाव झालं असतं. त्याने डोक्यात एकच घेतलं होतं की माणसं आजारी पडतात ती घरांमुळे, आणि घर नीट बांधलं तर निम्मे आजार येणारच नाहीत. गावात त्याला कोण काम देणार? गवंडी असताना घर आखायला वेगळा माणूस कशाला, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायची. मी तिसरीपर्यंत शिकलेली, पण मला एवढं कळत होतं की ज्याला काम नाही तो घरातच काहीतरी करून ठेवतो.

त्याने आल्या आल्या एक उदबत्ती पेटवली आणि प्रत्येक खोलीच्या मधोमध धरून धूर कुठे जातो ते बघत बसला.

"देवाची उदबत्ती घेऊन न्हाणीत फिरतोय," सासूबाई म्हणाल्या. "मद्रासेत हेच शिकवतात काय रे?"

"हवा कुठे अडते ते बघतोय. आणि आई, तुझ्या पायाचं मूळ दारातल्या त्या गटारात आहे. पाणी साचतं, डास होतात."

सासूबाईंचा डावा पाय हत्तीपाय होता, आमच्या गावात गल्लीगल्लीत असे पाय. त्या म्हणाल्या, "माझा पाय माझ्या नशिबात आहे. तुझं डोकं कुठल्या गटारात आहे ते बघ."

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. मग त्याने टेप काढली. परसातल्या विहिरीपासून संडासापर्यंत, संडासापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून मागच्या दारापर्यंत मापं घेतली आणि वहीत लिहिली. माझं माहेर पट्टीश्वरमचं. तिथे माझ्या काकांनी एका सकाळी असंच दोरी लावून घर मापलं होतं आणि पावसाळ्याच्या आत आमच्या घरात तीन चुली झाल्या होत्या. घर मापणारा वाटणी मागतो, हे मला दहाव्या वर्षीच समजलं होतं. यांना मी त्याच दिवशी म्हटलं, "तुमचा भाऊ हिस्सा मागायला आलाय."

आणि दोन दिवसांनी तो म्हणाला, "विहीर बंद करा, नाहीतर संडास हलवा." झालं. ज्या घराची विहीर बंद, ते घर कोण विचारतो? आधी घराचं मोल पाडायचं आणि मग आपला भाग मागायचा. मला सगळं लख्ख दिसत होतं.

आता त्या संडासाचं. आधी तो परसाच्या शेवटाला, मागच्या बोळाला लागून होता. रोज सकाळी एक बाई बोळातून येऊन टोपलीत भरून न्यायची. तिच्याशी आम्ही कुणी कधी दोन शब्द बोललो नाही. मग खड्ड्याचे संडास निघाले, बाईची गरज नाही, झाकण लावलं की झालं. यांनीही खड्डा खणायचं ठरवलं आणि जागा विचारली.

जागा मी सांगितली. आमच्याकडे संडासला जाऊन आलं की अंघोळ केल्याशिवाय कशाला शिवायचं नाही. साठ फूट परस ओलांडून विहिरीपाशी यायचं, वाटेत तुळस, वाटेत दोरीवर सोवळ्याची लुगडी. वारा आला आणि पदर लागला की सासूबाई पुन्हा सगळं भिजवायला लावायच्या. सकाळी दोनदा, कधी तीनदा. म्हणून मी म्हटलं, खड्डा विहिरीला लागून घ्या. बाहेर आलं, दोन घागरी डोक्यावर ओतल्या, सुटलो. सासूबाईंनाही पटलं. गवंड्याने मान डोलावली. साठ फुटांचा विटाळ बारा फुटांवर आला आणि त्यानंतर घरात त्यावरून भांडण झालं नाही.

आणि विहीर तर सोवळ्याची. तिचा दोर वेगळा, घागर वेगळी, परक्याने काठाला हात लावायचा नाही. त्या पाण्याने देवाची पूजा व्हायची, त्याच पाण्यात भात शिजायचा, प्यायलाही तेच. उकळलेलं पाणी देवाला चालत नाही, म्हणून ते उकळायचा प्रश्नच नव्हता. सगळ्या गल्लीत आमच्याइतकं शुद्ध पाणी कुणाचं नाही, असं मी म्हणायची आणि मला ते खरं वाटायचं.

दिराने मद्रासेहून दोन पुड्या मागवल्या. आत रंगाची पूड होती. एक पुडी आम्हा सगळ्यांसमोर त्याने संडासाच्या खड्ड्यात टाकली, वर चार बादल्या पाणी ओतलं. तिसऱ्या सकाळी मी भरलेल्या घागरीतलं पाणी त्याने काचेच्या पेल्यात घेतलं आणि उन्हात धरलं. पाणी हिरवं होतं. फार नाही, कोवळ्या विड्याच्या पानाच्या देठाइतकं. पण हिरवं.

"बघा वहिनी. खड्ड्यातलं विहिरीत येतं."

"विहिरीत तुम्हीच टाकलंत."

"कधी?"

"आम्ही झोपल्यावर."

"मी काय चोर आहे?"

"चोर नाही. शिकलेले आहात."

यांनी ते ऐकलं आणि माझीच बाजू घेतली. दोघा भावांचं जोरात झालं. दीर पेटी घेऊन स्टेशनाजवळच्या एका कापीच्या हॉटेलावर खोली घेऊन राहिला. दुसरी पुडी आणि तो पेला स्वयंपाकघराच्या कोनाड्यात राहिले. मी ते फेकले नाहीत. उद्या पंचायत बसली तर पुरावा म्हणून ठेवले.

मग ऐप्पशीचा, दिवाळीच्या महिन्यातला पाऊस आठ दिवस लागला. विहिरीचं पाणी इतकं वर आलं की दोन हात दोराचीही गरज पडेना. सासूबाई म्हणाल्या, देवाने विहीर भरली. नवव्या दिवशी थोरलीला सुरू झालं, दहाव्या दिवशी पहाटे धाकटीला. गल्लीतल्या कुणाच्या तरी तोंडून दिराला कळलं आणि तो उकळलेलं पाणी घेऊन आला. पुढचं मी वर सांगितलं आहे.

धाकटी दिवे लावायच्या आधी गेली. शेवटी सासूबाईंनी तिच्या तोंडात पाणी घातलं, तेही त्याच घागरीतलं.

हे गाडीतून उतरले आणि गल्लीच्या तोंडाशीच त्यांना कळलं. तसेच दवाखान्यात धावले. थोरलीच्या हातात सुई होती आणि भाऊ खाटेशी बसलेला. सहाव्या दिवशी तिला घरी आणलं. दीर तिण्णैपर्यंत आला, तिला खाली उतरवलं आणि परत गेला. मी त्याला आत या म्हटलं नाही.

तुम्हाला वाटेल, मला तेव्हा पटलं असेल. नाही पटलं. तेच पाणी मी प्यायले होते, सासूबाई प्यायल्या होत्या, आमची पोटं फक्त दुखली. मग पोरींनाच का? दवाखान्यातल्या डॉक्टरने पाण्याचं नाव घेतलं, पण डॉक्टरच्या कानात कुणी सांगितलं असेल? त्यानेच.

पंधरा दिवसांनी मी कोनाड्यातली पुडी काढली. ती माझ्या हाताने खड्ड्यात टाकली, चार बादल्या ओतल्या. कुणालाही सांगितलं नाही. यांना नाही, सासूबाईंना नाही. परसाच्या दाराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला लावली. विहिरीचा दोर घरात आणून माझ्या उशाशी ठेवला. तोवर आम्ही रस्त्यावरच्या नळाचं पाणी आणत होतो, यांनी तेवढा हट्ट धरला होता. पहिल्या दिवशी पेल्यात काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला बरं वाटलं, आणि दिराला काय काय सुनवायचं ते मी मनात लावून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी पाणी हिरवं आलं.

पेल्यावर वाटी झाकून मी पदराखाली धरला आणि स्टेशनाकडे चालत गेले. त्या हॉटेलाचा जिना मी पहिल्यांदाच चढले. तो जमिनीवर कागद पसरून काहीतरी आखत बसला होता. मी पेला त्या कागदावर ठेवला.

"मी टाकलं," म्हटलं. "किल्ली माझ्याकडे होती."

त्याने पेल्याकडे बघितलं. तो उचलून उजेडात धरला. मग विचारलं, "वहिनी, खड्ड्याची जागा कुणी ठरवली होती? दादाने?"

"मी."

त्यावर तो काही बोलला असता तर मी उठून आले असते. त्याने जिन्यातून खाली हाक मारून कापी मागवली. मी त्या हॉटेलातली कापी प्यायले, हे सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

खड्डा उपसून बुजवला, नवा परसाच्या शेवटाला गेला. विहीर वर्षभर बंद ठेवली. हिस्सा त्याने कधी मागितला नाही. मी बरीच वर्षं वाट पाहिली.

हळूहळू त्याला कामं मिळाली. भाताच्या गिरणीच्या कामगारांच्या चाळी, एक बाळंतपणाचा दवाखाना, मरुदानल्लूरकडची एक शाळा. चुन्याच्या जाड भिंती, समोरासमोर खिडक्या, मधे उघडा चौक, कुठे पाणी साचायचं नाही. काम संपलं की माणसं राहायला यायच्या आधी तो जटका घेऊन मला न्यायला यायचा. "चला वहिनी, संशय घ्यायला." मी पुडी स्वतः टाकायची, कुलूप स्वतः लावायची, किल्ली घेऊन घरी यायची. तिसऱ्या दिवशी पेला बघायची. दोन ठिकाणी पाणी हिरवं आलं. मालक ओरडत असताना त्याने दोन्ही खड्डे बुजवले. तेव्हा माझा त्याच्यावरचा संशय कमी झाला. सगळा गेला नाही.

म्हातारपणी लोकांनी त्याला हार घातले. तो हवा, उजेड, पाणी यांवर बोलला, आणि मी मागे खुर्चीवर बसून एकच विचार करत होते. तो धडधाकट होता. थोरलीला त्याने विचारलं नव्हतं, उचललं होतं. धाकटीला माझ्या हातांतून ओढून नेणं त्याला जड नव्हतं. त्याने का ओढलं नाही, हे मी त्याला कधी विचारलं नाही. त्याने मला विचारलं असतं, तुम्ही का सोडलं नाही.

त्या पावसात पाच माणसं त्या विहिरीचं पाणी पीत होती. सासूबाई वाचल्या, हे वाचले, मी वाचले. जिला तो उचलून घेऊन गेला, ती थोरली वाचली.