पितळेसारखे केस

भंडाऱ्याला आमच्या घरामागे बाबांचा पितळी भांड्यांचा छोटा कारखाना होता. ऐंशीच्या आसपासची गोष्ट... दिवाळी तोंडावर आली होती, कारागीर जेवायला गेले होते, आणि मी माझी लांबसडक वेणी हातात धरून तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, कुंडीपाशी उभी होते.

हसू नका. मी दहावीत होते आणि मला सोनेरी केस हवे होते.

झालं असं, की त्या उन्हाळ्यात आम्ही भिलाईला मामांकडे गेलो होतो. तिथे पोलाद कारखान्याचे रशियन इंजिनिअर राहायचे... त्यांच्यापैकी कुणाची तरी मुलगी, माझ्याच वयाची, संध्याकाळी सायकलवरून जायची. तिची वेणी मागे उडायची आणि उतरत्या उन्हात नुसती लखलखायची. मी फाटकावर हनुवटी टेकवून रोज तिची वाट बघायचे. एकदा ती माझ्याकडे बघून हसली... झालं, पुढचे कितीतरी दिवस मी जमिनीवर नव्हतेच.

आणि मी? मी काळी. घरी येणारी प्रत्येक आत्या-मावशी 'पोरगी गुणाची आहे हो, पण रंग...' एवढं बोलून सुस्कारा टाकायची. मला वाटायला लागलं, रंगाचं काही करता येत नाही, पण निदान केस तरी...

भट्टीतून निघालेलं भांडं काळंकुट्ट असतं. तेजाबात बुडवून धुतलं की पिवळंधमक! हे मी लहानपणापासून बघत आले होते. त्यात बाबांच्या बोटांची टोकंही तेजाबानं पिवळी पडलेली. म्हणजे ते माणसालाही पिवळं करतं, याचा पुरावा रोज माझ्या ताटाशेजारीच जेवायला बसायचा. पितळेच्या घरातल्या पोरीलाच सुचावी अशी ही कल्पना.

वेणीचं टोक कुंडीपासून वीतभर राहिलं असेल... मागून कुणीतरी खांदा धरून मला असं ओढलं, की मी कोळशाच्या पोत्यावर जाऊन आपटले. बाबा होते.

"काय करून राहिली बेबी तू?" बाबांना घाबरलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. रडत रडत मी भिलाईपासून सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं, आता बसणार एक. पण त्यांनी मला फणीतली गुंतवळ आणायला सांगितली. ती चिमट्यात धरून कुंडीत बुडवली... आणि केस खरंच पिवळे झाले! अगदी सोन्यासारखे. तेवढ्या क्षणात मी पुन्हा भिलाईला, त्या सायकलवर...

बाबांनी चिमटा वर काढला तेव्हा गुंतवळीचा चिकट लगदा झाला होता. जरा हलवला तर तुटून खालीच पडला.

"हे तुह्या डोक्यावर असतं त?" एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

दुसरं कुणी असतं तर विषय तिथेच संपला असता. पण संध्याकाळी बाबा मला घेऊन शेजारच्या कुसुमताईंकडे गेले. ताई दवाखान्यात नर्स होत्या. "ताई, हिले केस सोनेरी कराचे हायेत. पोरगी भाजनार नाही असं काही हाये का?" त्यांनी इतक्या गंभीरपणे विचारलं, की हसायला लागलेल्या ताईही गप्प झाल्या.

जखमा धुवायच्या हायड्रोजन पेरॉक्साइडनं केसांचा रंग उतरतो, असं ताई म्हणाल्या. ते मेडिकलमधून आणलं. ताईंनी ते पातळ करून आधी कानामागे नुसता थेंब लावला. खाज सुटली किंवा लाल झालं तर पुढे काही करायचं नाही, ही त्यांची अट. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी वेणीखाली झाकली जाईल अशी एकच बारीक बट त्यांनी निवडली. मुळाशी कातडीला खोबरेल तेल चोपडलं, कापसानं बट भिजवली आणि मला डोळे मिटून उन्हात बसवलं.

ती दुपार... ऊबदार ऊन, कारखान्यातून येणारे हातोड्यांचे ठोके, वाऱ्यावर पिकलेल्या धानाचा वास. मिटल्या डोळ्यांपुढे नुसतं सोनेरी सोनेरी. डोळे उघडेन तेव्हा मी दुसरीच कुणी असेन, असं वाटत होतं. ते ऊन संपूच नये...

धुतल्यावर बट तांबूस निघाली.

बाबांनी ती बोटावर घेऊन उजेडात फिरवून बघितली. "हे त तांबं झालं. पितळ होयाले जस्त पाह्यजे." ताई खो खो हसल्या. मला मात्र रडू कोसळलं. आणखी लावा, सगळ्या केसांना लावा, म्हणून मी हट्टच धरला. ताईंनी साफ नाही म्हटलं. इतक्या काळ्या केसांतून सोनेरी काढायचं तर पुन्हा पुन्हा लावावं लागतं, आणि तोवर केसात जीव राहत नाही.

"म्हणजे मी काळीच राहनार," मी म्हटलं.

बाबा माझ्यासमोर उकिडवे बसले. "भांडं मी काहून चमकवतो बेबी? बाजारात विकाचं असते म्हनून. तुले कोनाले विकाचं हाये का मले, माय?"

तेव्हा मला ते फारसं कळलं नाही. सोनेरी केसांचं दुःखच मोठं होतं...

कळलं ते चार-पाच वर्षांनी. मला बघायला आलेल्या एका घरातल्या बाईंनी बसल्या बसल्या माझ्या रंगाचा विषय काढला. बाबांनी त्यांचा चहा संपायचीही वाट बघितली नाही. उठले, हात जोडले आणि म्हणाले, "या आता तुमी."

आतल्या खोलीत मी आरशासमोर उभी होते. बाहेर आत्या कपाळावर हात मारून घेत होती... मी मात्र आरशासमोरून हललेच नाही. छान दिसत होते हो मी! हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

थँक यू, बाबा.