गुळवेलीचा काढा

बोलण्याच्या बाबतीत आमचे हे पक्के कंजूष. एवढ्या संसारात माझ्या वाट्याला आलं ते 'व्हय' नाहीतर 'न्हाय'. आतड्याचा कॅन्सर निघाला तरी तेच. किमोसाठी आम्ही लोहाऱ्याहून एसटीनं सोलापूरला जायचो. घरी मी बांधावरच्या लिंबावर चढलेली गुळवेल आणून काढा उकळायची. पेला हातात दिला की हे मुकाट पिऊन टाकायचे. डॉक्टर रागावतील, सांगू नका, असं मीच बजावलं होतं.

एकदा आमच्या लेकीच्या वयाच्या डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढून विचारलं, "काका, आमच्या औषधांशिवाय आणखी काय घेता? मी रागावणार नाही."

आणि ह्यांना वाचा फुटली! काढा लई कडू असतो, प्यायलं की मळमळतं, पण ही एवढी खपते म्हणून पितो, असं घडाघडा सांगितलं. रात्री भीती वाटते, हेसुद्धा. मी शेजारीच बसले होते.

बाईंनी शांतपणे समजावलं, किमो चालू असताना गुळवेल नको, लिव्हरला त्रास होऊ शकतो. पुढं काही घ्यायचं झालं तर आधी विचारा. मला ते पटलं. काढा बंद झाल्याचं काही वाटलं नाही. पण त्या पोरीला एका बैठकीत मिळालं ते बोलणं माझ्या हक्काचं होतं. माझा नुसता जळफळाट होत होता.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "काढा लई कडू लागायचा का हो?"

"न्हाय," हे म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.