लाकडापुरतं ड्रिल

जिन्याखालच्या माझ्या कोपऱ्यात सध्या लाकूड आवळून धरायचा एक लोखंडी शिकंजा आहे, दात झिजलेल्या दोन कानशी आहेत आणि एक रंधा आहे. सगळं भंगारातलं. शिकंजा गंजलेला मिळाला होता, रॉकेलात बुडवून ठेवला आणि फिरायला लागला. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून हात कशात तरी गुंतलेले असले की मला बरं वाटतं.

हा कोपरा घरमालक काकांनी दिला. मी कोकणातला, इथं इतवारीत प्लायवूडच्या दुकानात हमाली करतो. ओळख ना पाळख, तरी त्यांनी जागा दिली, वर एक बल्बही लावून दिला. हे मी विसरत नाही.

रविवारी सकाळी काकांच्या अंगणात चार-पाच जण जमतात. सगळ्यांना हत्यारांचं वेड. कोणी जुनं काही आणलं की ते मधोमध ठेवायचं आणि त्याचा कस बघायचा. कस मालकानं नाही बघायचा, सगळ्यांत वडील माणसानं बघायचा. भंगारवाला दोष लपवतो आणि घेणारा त्याच्याहून जास्त लपवतो, असं त्यांचं म्हणणं. टिकलं तर शाबासकी, नाही टिकलं तर घेणाऱ्यानं सगळ्यांना तर्री पोहे, म्हणजे झणझणीत रस्सा ओतलेले पोहे, खाऊ घालायचे.

त्या आठवड्यात मला ड्रिल मिळालं होतं. जुनं, वायरीला टेप गुंडाळलेला, पण चालू. मला ते फार गरजेचं होतं. तान्हा पोळा जवळ आला होता. त्या दिवशी इथली पोरं लाकडी बैल ओढत घरोघर जातात. आमच्या बाजूला असलं काही नाही. इतवारीतल्या एका खेळण्यांच्या दुकानदारानं मला चाकांचे बैल करायला सांगितले होते. नीट झाले तर दरवर्षी तुझ्याकडूनच घेईन, म्हणाला होता. माझ्या स्वतःच्या नावावरचं ते पहिलं काम.

"काय आणलं गा कोकन्या? दाखव," काका म्हणाले. सगळ्यांत वडील तेच.

मी ड्रिल ठेवलं. काकांनी उचललं, टोकाला भोक पाडायची नवी पिन लावली आणि सरळ अंगणातल्या काँक्रीटच्या खांबाशी गेले.

"काका, ते लाकडापुरतंच आहे."

"लाकडात तं उंदीरबी भोक पाडते. काहून, घाबरून राहिला का?"

"त्याले रडू येऊन राहिलं," जमलेल्यांतला एक ठेकेदार म्हणाला. "माय आठवली वाटते."

मी हात पुढे केला नाही. तिथं आपल्या वस्तूला हात घालणं म्हणजे वडील माणसावर विश्वास नाही असं होतं. काकांनी सगळं अंग टाकून दाबलं. ड्रिल ओरडलं, मग आवाज बारीक झाला, आणि आतली तार जळाल्याचा वास अंगणभर पसरला. धूर आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"मेलं नं! बरं झालं आज समजलं तुले."

काकू दारातून म्हणाल्या, "अहो, जाळलं नं तुम्ही त्याचं!" पण त्याही हसत होत्या.

मी पोहे आणले. तर्री सांडू नये म्हणून सावकाश चालत आलो. ठेकेदारानं आणखी तर्री मागितली, मी पुन्हा गेलो.

चाकांची भोकं मग गिरमिटानं पाडली. गिरमिट हातानं फिरवायचं, तळवे सोलतात, आणि कितीही जपलं तरी भोक किंचित तिरपं जातं. किंचित म्हणजे बैल एका बाजूला वळण्याइतकं. दुकानदारानं एक बैल फरशीवर ओढून बघितला, मग दुसरा.

"दारूच्या गुत्त्यावरून आणले का गा हे?"

एकही ठेवला नाही. पुढच्या वर्षाचं नावही काढलं नाही. मी सगळे बैल पोत्यात भरून परत आणले.

त्यातला एक बैल काकांनी नातीसाठी मागून घेतला. त्यांनी मागितला याचंच मला बरं वाटलं, मी शिंगांना बेगड लावून दिली. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी गल्ली भरली होती. नात दोरी ओढत होती आणि बैल सारखा डावीकडे, नालीकडे जात होता. ती रडकुंडीला आली.

"आमच्या भाडेकऱ्यानं केला," काका शेजाऱ्यांना मोठ्यानं सांगत होते. "कोकणाकडंच वळते पहा!"

सगळे हसले. मीही हसलो. मग वाकून नातीचा बैल उचलला आणि पुढच्या दारापर्यंत हातात धरून नेला.