तलावाची खबर वेळेवर पोचवणारे पटले सर

प्रा. झनकलाल पटले सरांशी माझी पहिली ओळख भांडणातून झाली. गोंदियाच्या तंत्रनिकेतनात मी नुकतीच अधिव्याख्याता म्हणून रुजू झाले होते आणि प्रयोगशाळेतला एकमेव चालू ऑसिलोस्कोप, विद्युत संकेत तपासायचे यंत्र, सर जीपमध्ये ठेवत होते.

"सर, मुलांचं प्रॅक्टिकल आहे," मी अडवले.

"मग मुलांनाही घ्या नं. तुम्हीही चला. तलावाच्या पाळीवर प्रॅक्टिकल होऊन जाईल."

तो तलाव सालेकशाकडचा. पाळीवरचे, म्हणजे बांधावरचे, यंत्र पाण्याची पातळी मोजून वायरलेसने तालुक्याच्या कार्यालयात कळवत असे. पाणी झपाट्याने चढू लागले की यंत्र भराभर नोंदी देई. वायरलेस मात्र आपल्या संथ चालीनेच त्या पाठवी. उरलेल्या नोंदी हरवत, तेही नेमकी गरज असताना. तलावाखाली नाल्याला लागून एक टोला, म्हणजे छोटी वस्ती, होती. तिची सारी भिस्त या खबरीवर होती.

नवा वायरलेस मिळायला दोन-तीन पावसाळे सहज गेले असते. सरांनी तोवर थांबायचे नाकारले. यंत्र आणि वायरलेस यांच्यामध्ये त्यांनी नोंदी साठवणारा एक छोटा डबा बसवला. आम्ही त्याला बफर म्हणत होतो. सरांनी मुलांना समजावले, "राइस मिलच्या हॉपरात धान भसकन ओततो, पण गिरणी तिच्याच चालीनं भरडते. धान सांडत नाही. तसंच हे."

पुढच्या मोठ्या पावसात आम्ही तालुक्याच्या कार्यालयात पडद्यासमोर बसलो होतो. एकही नोंद हरवत नव्हती. पातळी धोक्याच्या लाल खुणेच्या बरीच खाली दिसत होती. इतक्यात चौकीदार फागूजी भिजत सायकलवर आले.

"सर, तुमचा डबा खोटा बोलून राहिला! पाणी तं लाल खुणेले लागलं!"

डब्यात नोंदींची लांब रांग लागली होती. पडद्यावर दिसत होते ते मघाचे पाणी. कार्यालयातल्या साहेबांनी तातडीने टोल्याकडे जीप पिटाळली. टोल्यातली माणसे वाचली. कोंबड्या, बकऱ्या आणि कोठीतले धान गेले.

"काढून टाका तो डबा," साहेब संतापून म्हणाले.

"चूक डब्याची नाही, माझी आहे," सर शांतपणे म्हणाले. "खबर सांभाळली, पण वेळेवर पोचवली नाही. मला हा पावसाळा द्या."

दुसऱ्या दिवशी सर टोल्यात गेले. घरोघरी उभे राहून त्यांनी हेच सांगितले आणि लोकांचे बोलणे मान खाली घालून ऐकले. मग कामाला लागले. प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का बसला. ताजी नोंद आधी जाईल, जुन्या मागाहून सवडीने, अशी रचना झाली. "रांग हा न्याय आहे, पण धोक्याच्या खबरीला रांग कशाची?" सर म्हणत. त्याच काळात माझी आई नागपूरला इस्पितळात होती. माझे सगळे तास सरांनी घेतले, वर पाळीवरचे कामही. मी परतल्यावर त्याचा शब्दही काढला नाही, एवढेच विचारले, "आई जेवतात का आता?"

पोळ्यानंतर पुन्हा तसाच पाऊस लागला. या वेळी पातळी चढत गेली तशी पडद्यावर दिसत गेली. दुपारीच टोल्यात निरोप गेला, आणि नाल्याचे पाणी गल्लीत शिरले तेव्हा घरे रिकामी होती. शाळेच्या ओसरीत बसलेल्या एका आजीबाईंनी सरांना बोलावून सांगितले, "मास्तर, या खेपेले कोंबड्या बी उचलल्या आमी."

सर चष्मा पुसत राहिले.

पुढे मोबाईल आले, वेगवान जोडण्या आल्या. पण जिथे त्या पोचत नाहीत, त्या जंगलातल्या तलावांवर सरांची रचना आजही काम करते आहे. सर यंदा साठ वर्षांचे झाले. निवृत्तीनंतर काय करणार, असे परवा कुणी विचारले तेव्हा ते म्हणाले, "काऊन? तलाव संपले का जिल्ह्यातले?"

ते संपायचे नाहीत. म्हणून आम्हा सर्वांची इच्छा एवढीच, की सरांना त्या साऱ्या तलावांना पुरेल इतके आयुष्य लाभो, आणि प्रत्येक पाळ चढता येईल असे भक्कम गुडघे.